तंबूत १२ अंशांना कुडकुडलो, केदारकंठाला काय होणार?

होटगीरोडकर | १५ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, आधी हसून घ्या, मग उत्तरं द्या.

आपण सोलापूरची माणसं. मे महिन्यात ४४ अंशांत भर दुपारी दोन वाजता नवी पेठेतून चक्कर मारून येणार आणि वर गरम चहा पिणार. उन्हाचं आपल्याला कौतुकही नाही आणि भीतीही नाही. थंडीचा मात्र अभ्यास शून्य.

झालंय असं की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि मुलगा (आठवीत आहे) उत्तराखंडातल्या केदारकंठाला जातोय. सांकरीहून चढायचं, शिखर साधारण १२,५०० फूट, बर्फात तंबू. रात्री उणे पाच ते उणे दहा धरून चला असं सांगितलंय. म्हटलं आधी घरच्या घरी सराव करू. मंगळवेढ्याकडे मामाचं रान आहे, शाळू हुरड्यात आलाय, तर शनिवारी रात्री हुरडा खाऊन तिथंच तंबू ठोकला. ओढ्याच्या काठाला सपाट जागा होती, वारा नव्हता, आकाश एकदम स्वच्छ. मनात म्हटलं, झकास.

अंथरायला पाहुणे आले की काढतो ती फुगवायची गादी, तिच्यावर एक सोलापुरी चादर. पांघरायला दोन सोलापुरी चादरी. स्वेटर, कानटोपी, सॉक्स सगळं अंगावर. तंबूच्या खिडक्या, चेन, सगळं गच्च बंद.

रात्री दीड वाजता जाग आली ती पाठ गार पडल्यामुळे. पांघरूण पुरेसं होतं, पोट, छाती गरम, पण खालून कुणी तरी बर्फाची लादी सरकवल्यासारखं. कुशीवर वळलो की ती कूस गार. तीन वाजता मोबाइलच्या उजेडात सोबत नेलेला थर्मामीटर बघितला: तंबूत १२. उणे नाही हो, अधिक १२! पहाटे छतावरून थेंब गळायला लागले. बाहेर पाऊस नाही, आत पाऊस.

आता गंमत ऐका. चिरंजीवांनी माझी गादी नाकारली होती. मामाचे वाटेकरी तात्या, त्यांनी आपली घोंगडी दिली होती. पोरगं ती दुमडून खाली घेऊन, वर एकच चादर ओढून सकाळी आठपर्यंत घोरत होतं. एकच तंबू, एकच रात्र.

तर प्रश्न: (१) माझं नेमकं चुकलं काय? (२) १२ ला ही अवस्था, उणे सातला काय करायचं? (३) नवीन काय काय विकत घ्यावं लागेल? खिशाकडे बघून सांगा.

कडकभाकरी | १५ डिसेंबर, रात्री १०:३१

चुकलं इतकंच की हुरडा खाऊन घरी यायचं सोडून तिथं झोपला. झोपायला कशाला गेलतास बे?

सह्यवेडी | १५ डिसेंबर, रात्री ११:०५

उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. तुम्ही थंडीशी वरून लढलात आणि ती खालून आली.

पांघरूण आपल्याला गरम करत नाही. गरम करणारे आपणच. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. पांघरूण फक्त ती अडवतं, आणि अडवतं ते त्यातल्या साचलेल्या हवेच्या जोरावर. अंगाखाली जे येतं ते वजनानं चपटं होतं, त्यातली हवा निघून जाते. म्हणून अंगाखालची चादर ही अंथरूण म्हणून ठीक, पण ऊब म्हणून जवळजवळ नसल्यासारखीच.

आणि ती फुगवायची गादी! हा सगळ्यांचा पहिला फसवा मित्र. आत हवा आहे म्हणजे गरम असणार, असं वाटतं. पण ती साचलेली हवा नाही, मोकळी हवा आहे. तुमच्या पाठीनं वरची हवा गरम होते, जमिनीनं खालची गार होते, आणि तुम्ही जरा हललात की दोन्ही मिसळतात. म्हणजे रात्रभर तुम्ही पाठीनं मंगळवेढ्याची जमीन तापवत होता. जमीन काय तापणार!

मॅटच्या ऊब अडवायच्या ताकदीला एक आकडा असतो, आर-व्हॅल्यू. आत काही न भरलेली साधी हवेची गादी एकच्या आसपास किंवा खाली. ट्रेकवाले पाठीवर गुंडाळी करून नेतात ती चांगल्या फोमची कॅरीमॅट साधारण दोन. बर्फावर झोपायचं तर चार-पाच हवा. सोयीची गोष्ट म्हणजे दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. म्हणजे महागडी एक घेण्यापेक्षा साध्या दोन घेतल्या तरी काम होतं. योगाची मॅट मात्र नको. पातळ असते, वजनाला जड, गार तर गारच.

पाऊस आत का पडला ते उद्या लिहिते, झोप येतेय.

चाटीगल्ली | १६ डिसेंबर, सकाळी ७:४८

सोलापुरी चादरीला नावं ठेवायची फॅशनच झालीय. माझ्या आजीनं आयुष्य काढलं एका चादरीवर. आता ऑनलाइन दोन हजाराची प्लॅस्टिकची गुंडाळी घ्या म्हणे. भौगोलिक मानांकन मिळालेली चीज आहे आपली, उगाच नाही.

मागवाला | १६ डिसेंबर, सकाळी ९:२०

चाटीगल्ली, शांत व्हा. मी पूर्व भागातला, तीन पिढ्या मागावर गेल्या आमच्या. चादरीचा माझ्याइतका अभिमान तुम्हालाही नसेल. पण सह्यवेडी ताई बरोबर बोलतात.

चादर ही सुताची. जाड सूत, जॅकार्डची वीण, वजनदार. पांघरायला एक नंबर, कारण अंगावर नीट बसते, कडेनं वारा शिरत नाही. आपल्याकडच्या डिसेंबरला घरात ती पुरून उरते. पण सूत ओल पितं, आणि एकदा पिलेली ओल सोडायला वेळ लावतं. धुतलेली चादर जानेवारीत दोन दिवस वाळत नाही हे घरोघरी ठाऊक आहे. तीच ओली चादर अंगावर असेल तर काय होईल बघा.

तुमच्या आजी घरात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, खाली गोधडी टाकून झोपत होत्या ना? मग. गोधडी विसरू नका.

पुण्यातला_सोलापूरकर | १६ डिसेंबर, सकाळी ११:०२

तुम्ही ओढ्याकाठी झोपलात हे कुणीच पकडलं नाही. गार हवा जड असते, स्वच्छ रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची गार हवा उतारानं पाण्यासारखी वाहत खोलगट जागी साठते. ढग असते तर त्यांनी थोडी उष्णता खाली परत पाठवली असती. म्हणजे बिनवाऱ्याची, चांदण्यांची, सपाट, ओढ्याकाठची जागा ही तुम्हाला "झकास" वाटली ती त्या रानातली बहुतेक सर्वांत गार जागा होती. पन्नास पावलं वर बांधाच्या आडोशाला गेला असतात तर दोन-तीन अंशांचा फरक पडला असता.

मेंढका | १६ डिसेंबर, दुपारी १:१५

हे आमच्या आज्याला कुणी शिकवलं नव्हतं तरी ठावं होतं. थंडीच्या दिसांत वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) कधी ओढ्यात लावत न्हाईत, माळाला, बांधाच्या आडोशाला लावतात. मेंढरं सुद्धा खाली उतरत न्हाईत रातच्याला.

आता घोंगडीचं सांगतो. मी सांगोल्याकडचा, घरात मेंढरं होती, आता नोकरी करतो. घोंगडी लोकरीची. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मऊ नसते, खरबरीत, कुरळी, दणकट. सणगर लोक ती मागावर विणतात आणि मग चिंचोक्याची खळ देतात. म्हणून नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ उभी ऱ्हाते, अंगाला टोचते. पण हाच तिचा गुण. अंगाखाली घेतली तरी कुरळी लोकर दबून चपटी होत न्हाई, मधी हवा ऱ्हाते. वरून दव पडलं तरी आतल्याला लगेच कळत न्हाई, लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पिऊन पण हाताला कोरडी लागती. मेंढका रात्रभर उघड्या माळावर घोंगडीवर काढतो त्याला कारण हाय.

तात्यांनी पोराला घोंगडी दिली आणि बापाला दिली न्हाई, ह्याचा पण विचार करावा.

होटगीरोडकर | १६ डिसेंबर, दुपारी १:४०

मला आधी विचारली होती हो! मीच म्हटलं टोचेल.

सह्यवेडी | १६ डिसेंबर, रात्री ९:३०

हां, आतला पाऊस. झोपेत आपण श्वासातून पाणी सोडतो. दोघांचं रात्रभराचं पेलाभर तरी होतं. तुम्ही सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्यात, मग ती वाफ जाणार कुठे? तंबूचं बाहेरचं कापड उघड्या आकाशाखाली गारठलेलं, त्यावर आतून दव धरलं. तुमच्या सुती चादरी ते प्यायल्या. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दमट पांघरुणाचा उपयोग झपकन उतरतो. म्हणून थंडी कितीही असो, वरची हवा जाण्याची फट उघडी ठेवायची. तंबूचं काम वारा आणि दव अडवणं एवढंच आहे. तो गरम करायच्या नादाला लागायचं नाही.

त्याच कारणानं स्लीपिंग बॅगच्या आत तोंड घालून झोपायचं नाही. मला माहितीय, सगळे तेच करतात. नाक गार पडतं म्हणून तोंड आत घेतात आणि पहाटे बॅगची कॉलर ओलीचिंब. नाकावर मफलर घ्या, तोंड बाहेर ठेवा.

मी पहिल्यांदा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ डिसेंबरात झोपले होते तेव्हा दिवसभर घामानं भिजलेला टी-शर्ट आतच ठेवून त्यावर तीन स्वेटर चढवले होते. रात्रभर हुडहुडी. शेजारची मुलगी एक कोरडा बनियन आणि एक जॅकेट घालून निवांत. तेव्हापासून माझा नियम: झोपायचे कपडे वेगळे, पिशवीत बांधलेले, चढताना त्यांना हात लावायचा नाही. सॉक्स तर नक्कीच वेगळे, आणि सैल. दोन घट्ट सॉक्स घातले तर रक्त पोचत नाही, पाय आणखी गार पडतात.

कडकभाकरी | १६ डिसेंबर, रात्री ९:४४

मी ऐकलंय की बॅगमध्ये बिनकपड्यांचं झोपलं की जास्त गरम राहतं. मिलिटरीवाले म्हणे तसंच करतात.

सह्यवेडी | १६ डिसेंबर, रात्री ९:५१

नाही राहत. ओल्या कपड्यांत झोपण्यापेक्षा बिनकपड्यांचं बरं, एवढंच त्यात खरं. कोरडे, सैल कपडे म्हणजे ऊब वाढतेच. फक्त जाड जॅकेट घालून इतकं कोंबायचं नाही की बॅग आतून ताणली जाऊन तिचा फुगीरपणाच जाईल. जॅकेट मांड्यांवर, पायांवर पसरून टाकलं तर जास्त फायदा.

नुसताच_वाचक | १७ डिसेंबर, सकाळी १०:१०

एवढा विचार करण्यापेक्षा तंबूत एक छोटी शेगडी ठेवायची. निखारे टाकायचे, चेन लावायची. आम्ही लहानपणी मळ्यातल्या कोपीत तसंच झोपायचो.

रात्रपाळी | १७ डिसेंबर, सकाळी १०:२५

नको. कृपा करून नको. वरचा प्रतिसाद वाचून कुणी करून बघेल म्हणून कामावरून सुटल्या सुटल्या लिहितोय.

मी दवाखान्यात काम करतो. आणि ही गोष्ट पेशंटची नाही, माझी स्वतःची आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एका तळ्याकाठच्या तंबूवाल्याकडे गेलो होतो. रात्री थंडी वाजतेय म्हटल्यावर तिथल्या पोरानं प्रेमानं कोळशाची शेगडी आणून दिली, "साहेब, धूर नाही, निखारे आहेत." धूर नाही हे खरंच होतं. तासाभरात माझं डोकं जड झालं, वाटलं दिवसभराचा प्रवास. शेजारचा उलटी करायला उठला आणि दारापाशी गुडघ्यावर बसला, उठेचना. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. चेन फाडून सगळ्यांना बाहेर ओढलं. मी या क्षेत्रातला असून मला एक तास लागला.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं, म्हणजे थोडासा वायूसुद्धा ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि गुंगी आली की माणूस उठून बाहेर जात नाही, झोपून जातो. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. कोपीची गोष्ट वेगळी होती: पाचटाची, भोकाभोकाची, वारा आरपार. आजचा नायलॉनचा तंबू म्हणजे पिशवी. शेगडी नाही, गॅसची चूल नाही, मेणबत्त्यांचा ढीग नाही. स्वयंपाक बाहेर.

आणि ज्यांना "दोन घोट घेतले की गरम वाटतं" त्यांच्यासाठी: वाटतं, कारण दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब बाहेर येते. म्हणजे ऊब मिळत नाही, खर्च होते.

नुसताच_वाचक | १७ डिसेंबर, सकाळी १०:४०

बरं झालं सांगितलंत. आमच्या ग्रुपवर पाठवतोय.

पुण्यातला_सोलापूरकर | १७ डिसेंबर, दुपारी १२:३०

स्लीपिंग बॅगबद्दल कुणीच बोललं नाही अजून. बॅगेवर मोठ्या अक्षरात "−१०" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. आतल्या चिठ्ठीवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे एक सर्वसाधारण बाई निवांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे एक सर्वसाधारण पुरुष गोळा होऊन कसाबसा रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव जाणार नाही, पण हातपाय गारठून इजा होऊ शकते. विकणारे कुठला आकडा मोठ्या अक्षरात छापत असतील हे सांगायला नको. तुम्ही कम्फर्ट बघा. आणि ही चाचणी पुतळ्याला मॅटवर झोपवून, आतले कपडे घालून करतात. मॅट खराब असेल तर बॅगेवरचा आकडा कागदावरच राहतो.

ट्रेक नेणारे भाड्यानं बॅग देतात, ती बहुधा पुरेशी असते. आत घालायला एक फ्लीसचं अस्तर तेवढं घरून न्या. भाड्याच्या बॅगेत कोण झोपून गेलंय हा प्रश्नही त्यानं सुटतो.

गृहिणी_जुळेसोलापूर | १७ डिसेंबर, दुपारी ३:०५

माझा अनुभव बायकांच्या बाजूनं. आम्ही चौघी गेल्या वर्षी भंडारदऱ्याला तंबूत राहिलो, कळसूबाई केलं. मला सगळ्यात जास्त ऊब कशानं मिळाली सांगू? झोपण्याआधी बाहेर जाऊन आल्यानं. अडीच वाजता जाग आली की वाटतं, आता कोण उठणार, दाबून ठेवू. आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहायचं, झोप नाही ती नाहीच. उठा, जाऊन या, परत येऊन जागेवरच वीस वेळा पोट आत घ्या, पाय झाडा. आल्यावर बॅग लगेच गरम होते.

दुसरं खाणं. रात्रीचं जेवण हलकं ठेवायचं असं आपण म्हणतो, ते घरात. थंडीत पचनाचीसुद्धा ऊब होते. मी झोपताना गूळ-शेंगदाण्याचा लाडू खाते. शेंगापोळी असेल तर सोन्याहून पिवळं. तेल असलेलं, हळूहळू पचणारं.

तिसरं, गरम पाण्याची बाटली. आणि इथं माझी फजिती ऐका. मी घरून थर्मास नेला होता, त्यात उकळतं पाणी भरून पायाशी घेतला. सकाळपर्यंत पाणी मस्त गरम, माझे पाय बर्फ! थर्मासचं कामच ऊब बाहेर न सोडणं हे डोक्यातच आलं नाही. मैत्रिणीनं साधी एकपदरी स्टीलची बाटली सॉक्समध्ये घालून मांड्यांच्या मध्ये ठेवली होती, ती राणीसारखी झोपली. झाकण घट्ट आहे ना ते आधी उलटी करून बघा. चटका बसू नये म्हणून सॉक्स हवाच.

मागवाला | १७ डिसेंबर, दुपारी ३:२२

थर्मासचं वाचून चहा सांडला.

होटगीरोडकर | २३ डिसेंबर, रात्री १०:५०

प्रयोग क्रमांक दोनचा अहवाल. जागा: जुळे सोलापुरात सासुरवाडीची गच्ची. सिमेंटचा स्लॅब, म्हणजे गारठ्याला कमी नाही. रात्रीचं तापमान १४.

दोन कॅरीमॅट आणल्या. पहिल्या अर्ध्या रात्री मी दोन कॅरीमॅटवर, मुलगा फुगवायच्या गादीवर. एक वाजता अदलाबदल. कंबरेखाली थर्मामीटर ठेवून बघितला. गादीवर तो २० च्या पुढे जाईना, कॅरीमॅटवर अर्ध्या तासात ३० ला टेकला. पांघरूण दोघांना सारखं, एकेक चादर. कागदावर हे सगळं वाचलेलं होतं तरी आकडा बघून मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. गेली इतकी वर्षं आपण पांघरुणं वाढवत आलो!

तिसरी गोष्ट मुलानं काढली. कॅरीमॅटखाली पोती पसरली, शेंगांची रिकामी बारदानं होती गच्चीवर. त्यानं आणखी फरक पडला. खिडकीची फट उघडी ठेवली, सकाळी छत जवळजवळ कोरडं.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी सकाळी सासूबाईंना हळूच विचारलं म्हणे, "जावईबापू गच्चीवर तंबूत का? काही झालंय का?" त्यावरून घरात दोन दिवस करमणूक चाललीय.

आता प्रश्न: मुलगा म्हणतो घोंगडी न्यायचीच. तात्यांनी दिलीही. पण वजन?

मेंढका | २३ डिसेंबर, रात्री ११:१०

नका नेऊ. एवढ्या उंचीवर पाठीवर ते ओझं पोराला झेपायचं न्हाई. बर्फात कॅरीमॅटा दोन बास. घोंगडी रानातल्या हुरड्याला.

चाटीगल्ली | २४ डिसेंबर, सकाळी ८:०५

मी वर जरा तापलो होतो. माझ्याकडून एक माहिती: टिळक चौकाच्या बाजूला मोजे, लोकरीच्या टोप्या डिसेंबरात स्वस्त मिळतात, गड्ड्याची (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची) वाट बघू नका. गड्ड्यात थंडीचं सामान असतं पण तोवर तुम्ही निघण्याच्या गडबडीत असाल.

होटगीरोडकर | ५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

परत आलो. दोघंही सगळ्या बोटांनिशी.

थोडक्यात लिहितो, सुट्टी संपलीय. वरच्या तळावर पहाटे तंबूच्या बाहेर उणे आठ, आत उणे तीन. दोन कॅरीमॅट, वर तंबूवाल्यांची मॅट, भाड्याची बॅग, आत फ्लीसचं अस्तर. पाठ एकदाही गार पडली नाही. एकदाही. नाक मात्र गार होतं, ते राहू दे.

इथं कुणी न सांगितलेलं, तिथं शिकलेलं: बूट बाहेरच्या कोनाड्यात ठेवले तर सकाळी लाकूड होतात. आतले तळवे काढून बॅगेत घ्या. मोबाइल, टॉर्चची बॅटरी, ओले मोजे, सगळं बॅगेत, पोटाशी. बॅगेत प्रवासी जास्त आणि मी कमी असं झालं होतं. पाण्याची बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, म्हणजे बुडाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. पहिल्या रात्री हे माहीत नव्हतं, सकाळी झाकण उघडेना.

गृहिणी ताई, रात्रीच्या त्या बाहेर जाण्याबद्दल तुमचे विशेष आभार. मुलगा पहिल्या रात्री दाबून पडला होता. दुसऱ्या रात्री मी त्याला ओढून नेलं. उणे आठात त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "बाबा, एवढ्या चांदण्या?" परत येऊन दोन मिनिटांत घोरायला लागला.

चाटीगल्ली, चादर नेली होती बरं का. आईनं पिशवीत घातलीच. बर्फात नाही काढली, पण जाताना कर्नाटक एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये भोपाळच्या पुढे खिडकीतून जो वारा यायला लागला त्याला तीच कामाला आली. समोरच्या बर्थवरच्या सरदारजींनी हात लावून बघितली आणि किंमत विचारली. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, दोन द्यायच्या होत्या.

नुसताच_वाचक | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

अभिनंदन. त्या दोन कॅरीमॅट आता लागणार नसतील तर आठवडाभर द्याल का? पुढच्या शनिवारी भिगवणला फ्लेमिंगो बघायला चाललोय, रात्री तंबूतच आहोत. शेगडी नेत नाही, शप्पथ.

होटगीरोडकर | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

घेऊन जा. संध्याकाळी सहानंतर होटगी रोडला फोन करा, नंबर निरोपात टाकतो. पाण्याच्या अगदी काठाला तंबू लावू नका, आणि जाताना चार पोतीही घेऊन जा, माझ्याकडे पडून आहेत.